गुहागरचा सुरण पुण्यात का सडतो?

ताई, तुमचा प्रश्न दोन पानी होता. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी त्याचा गोषवारा देतो. तुम्ही पुण्यात गच्चीवर अठरा इंची कुंडीत सुरण लावलात. पावसाळ्यात छत्रीएवढं पान आलं, दिवाळीनंतर ते पिवळं पडून लवंडलं. पाणी कमी पडलं असेल अशा समजुतीनं तुम्ही रोज तांब्याभर पाणी घालत राहिलात. होळीच्या सुमारास उकरलंत तेव्हा आत चिखल, घाण वास, आणि दोनेकशे ग्रॅमचा एकच तुकडा शाबूत. तिकडे गुहागरला तुमच्या सासूबाई वर्षानुवर्षं गड्डा जमिनीतच ठेवतात, कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तरी मृग लागला की कोंब हजर. असं का? शिवाय भाऊ नागपूरला, नणंद न्यू जर्सीत एडिसनला. दोघांनाही सुरण लावायचाय. आणि मुलानं फोनवर पाहिलेलं ते माणसाहून उंच फूल पुण्यात फुलेल का, हा शेवटचा प्रश्न.

मी पस्तीस वर्षं सुरण-अळूच्या या कुळाच्या मागे आहे. त्यातली बरीचशी चिपळूणकडच्या बागेत गेली, पुढची पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत. मी सडवलेले कंद मोजले तर तुमच्याहून कितीतरी जास्त भरतील, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

तुमचा सुरण तहानेनं आडवा झाला नव्हता, झोपायला गेला होता. सुरण, शेवळ, सापकांदा, कॅलेडियम ही अळूच्या कुळातली कंदवाली मंडळी वर्षातले काही महिने जागी असतात आणि उरलेले जमिनीखाली पडून राहतात. जागेपणी ती सहसा मरत नाहीत. पान वर असताना मुळं चालू असतात, धो-धो पाऊसही पचवतात. पान पिवळं पडलं की मुळंही गळतात आणि कंद तोंड बांधलेल्या घागरीसारखा होतो. बाहेरचं पाणी त्याला पिता येत नाही. ते नुसतं सालीला चिकटून बसतं आणि बुरशीला आवतण देतं. माती उबदार असेल तर कंद तरीही काही दिवस तग धरतो. गार आणि ओली असेल तर संपला. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा आठ-दहापर्यंत उतरतो, आणि गच्चीवरची कुंडी तर चहूबाजूंनी गारठते. त्यात तुमचा रोजचा तांब्या.

म्हणून "आमच्याकडे सुरण येईल का" असं कुणी विचारलं की मी तिथला उन्हाळा किती कडक, पाऊस किती इंच, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, पान पडल्यापासून पुढचा कोंब येईपर्यंत तुमच्याकडची माती ओली असते की कोरडी, आणि उबदार असते की गार? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता सासूबाईंचं परस बघा. गुहागरला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वरच, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, म्हणजे सुरण जागा असताना. जांभ्याच्या उतारावर पाणी थांबत नाही. ऑक्टोबर सरता सरता माती कोरडी, आणि समुद्र शेजारी असल्यानं हिवाळ्यातही जमिनीला गारठा म्हणावा असा नाही. झोपायला याहून चांगली गादी कुठली? सासूबाईंना विचारून बघा, गड्डा सुपारीच्या आळ्यात आहे का? पैज लावतो, नसणार. कुंपणाशी, नाहीतर शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला असेल. शिंपणाखाली आलेला कंद कोकणातही सडतो, किंवा फेब्रुवारीतच कोंब काढून बसतो आणि मग एप्रिलच्या उन्हात पान करपून घेतो. जुन्या बायकांना हे कुणी शिकवलेलं नसतं. जिथे टिकला तिथे ठेवला, एवढंच. कोकणातला सुरणाचा खरा शत्रू म्हणजे साळिंदर आणि रानडुक्कर. माझ्या बागेत एका रात्रीत साळिंदरानं सात आळी उकरली होती. गड्डे अर्धेमुर्धे खाऊन टाकले होते, खाज-बीज त्याला काही लागत नाही.

कोकणात दुसरी एक भानगड होते, जुलै-ऑगस्टात. पान ऐन भरात असताना एका सकाळी सगळी छत्री जमिनीवर. देठाच्या बुंध्याशी बघितलं तर पांढऱ्या धाग्यांचं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही बुंधाकूज. ते दाणे म्हणजे बुरशीचं बेणंच, मातीत पडून राहतात आणि पुढल्या वर्षी परत येतात. अशी जागा तीन-चार वर्षं सोडून द्यावी. लावताना कंद शेणकाल्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपकारक बुरशी) कालवून बुडवून सावलीत वाळवला तर फरक पडतो, हा माझा अनुभव. बुंध्याला माती लावताना देठाला कोयत्याची जखम होऊ देऊ नये. बुरशी बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

पुण्याकडे वळण्याआधी कंदाची रचना सांगतो, कारण ती न कळल्यानं माझी पहिली आठ वर्षं फुकट गेली. मी गड्ड्याखाली भरपूर शेणखत घालायचो. एका ऑगस्टात कुंडी फुटली म्हणून पाइपनं हळूहळू माती धुतली आणि बघतच राहिलो. खाली एकही मूळ नव्हतं. सगळी मुळं वरून, कोंबाच्या बुडाशी गळपट्ट्यासारखी फुटलेली, शेवयांच्या जाडीची, पांढरीशुभ्र, आणि गड्ड्याच्या खांद्यावरून आडवी चौफेर पसरलेली. खाली होता तो लावलेला जुना गड्डा, चिंबून रिकाम्या थैलीसारखा झालेला, आणि त्याच्या डोक्यावर नवा, तुकतुकीत, वाटीएवढा. म्हणजे सुरण दर वर्षी जुना कंद खाऊन संपवतो आणि वर नवा बांधतो. आपण "कंद वाढला" म्हणतो, पण तो वाढलेला नसतो, बदललेला असतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. खत खाली नको, वर आणि बाजूला हवं. आणि कंदाच्या डोक्यावर चार ते सहा इंच माती हवीच, नाहीतर मुळांना पसरायला जागा कुठे? तुमच्या कुंडीत गड्डा वरच दिसत होता असं तुम्ही लिहिलंय. तिथेच त्याचं वजन निम्म्यानं घटलं असणार.

कंदाच्या माथ्याला जो खळगा असतो, त्यात डोळा. या खळग्यात पाणी साठलं की कोंबच कुजतो. म्हणून मी गड्डा थोडा तिरका बसवतो, पाणी निथळून जाईल असा. जपानात कोंजॅक या सुरणाच्या नातलगाचे कंदही असेच कलते लावतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि उगाच बरं वाटलं.

पुण्यासाठी माझी रीत अशी. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू. कोकोपीट बेताचं, ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओल धरून बसतं. अर्ध्या किलोच्या बेण्याला सोळा-अठरा इंची कुंडी बरोबर आहे. लावणी रोहिणीत, म्हणजे मेअखेर. पान उघडलं की भरपूर पाणी, महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत आणि मूठभर राख. सुरणाला पालाश (पोटॅश) फार लागतं. सकाळचं ऊन चालेल, दुपारी तीनचं गच्चीवरचं नको. ऑक्टोबर संपता संपता पानाची कड पिवळी व्हायला लागली की पाणी निम्मं करा, अर्धं पान पिवळं झालं की बंद. हिरवं देठ कापू नका, त्यातला माल शेवटपर्यंत खाली उतरत असतो. देठ स्वतःहून लवंडेल. मग हलकेच ओढून बघा. दातपडीच्या वयातल्या पोराच्या दातासारखं ते सहज निसटलं तर झोप लागली म्हणायची. अडलं तर आणखी आठवडाभर थांबा.

मग दोन वाटा आहेत. आळशी वाट म्हणजे कुंडी आडवी करून जिन्याखाली सरकवायची आणि मेपर्यंत विसरायची. आडवी यासाठी की अवकाळी पाऊस आला, किंवा कामवाल्या मावशींनी प्रेमानं पाणी घातलं, तरी ते आत जाणार नाही. कष्टाची वाट म्हणजे कंद काढायचा. हाताला आधी खोबरेल चोळा, कारण सालीखाली कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात आणि खाजेचं कारण तेच. माती झटका, धुऊ नका. सावलीत आठवडाभर सुकू द्या. मग अंगठ्यानं सगळीकडून दाबून बघा. चांगला गड्डा लाकडासारखा घट्ट लागतो आणि त्याला नुसता मातीचा वास येतो. एखाद्या जागी अंगठा रुतला, किंवा आंबलेल्या ताकासारखा वास आला, तर तेवढा भाग पांढरं घट्ट मांस लागेपर्यंत कोरून काढा, राख चोळा आणि पुन्हा सुकवा. रद्दीत गुंडाळून माळ्यावर. प्लास्टिकची पिशवी नको, फ्रीज तर मुळीच नको.

माळ्यावरून आठवलं. माझा एक साडेतीन किलोचा गड्डा असाच माळ्यावर होता. मेच्या सुट्टीत घरात मेलेल्या उंदरासारखा वास सुटला. बायकोनं दोन दिवस पलंग, कपाटं, गॅसची शेगडी सगळं सरकवलं, शेवटी मला शिडीवर चढवलं. वर रद्दी फाडून जांभळट, कोबीएवढं फूल उमललं होतं, मातीशिवाय, पाण्याशिवाय. मोठा झालेला सुरण असा झोपेतच फुलतो. वास माश्या-किड्यांना बोलवायला. फूल आलं म्हणून कंद वाया गेला असं समजू नका, पण तो थकतो. पान त्यानंतर उशिरा येतं आणि त्या वर्षी वजनाची आशा धरू नये. कोंब पानाचा की फुलाचा हे आधीच ओळखता येतं. पानाचा कोंब भाल्यासारखा निमुळता, फुलाचा गुबगुबीत, कमळकळीसारखा. बेणं म्हणून ठेवलेल्या कंदाला फुलाचा कोंब दिसला तर मी तो सरळ खुडतो. पण एकदा तरी फुलू द्या, मुलं जन्मभर विसरत नाहीत. शेजारीही.

नागपूरच्या भावाचं दुखणं वेगळं. तिथे हिवाळा पुण्यासारखाच गार, पण खरी परीक्षा दोन ठिकाणी होते: मेमधला पंचेचाळीसचा पारा आणि काळी भारी जमीन. मी एकदा अमरावतीजवळ एका स्नेह्याच्या शेतात चाळीस गड्डे सपाट वाफ्यात लावले होते. जुलैपर्यंत दृष्ट लागेल अशी पानं. ऑगस्टात तीन दिवस झड लागली, पाणी वाफ्यात तुंबलं, आणि महिन्याभरात छत्तीस गेले. मी वर म्हटलं की जागेपणी सहसा मरत नाहीत. हा अपवाद, आणि तो माझ्या शहाणपणाचा. काळ्या मातीला वाफसा यायला दिवस लागतात, तोवर मुळं गुदमरतात. तेव्हा भावाला सांगा, जमीन काळी असेल तर दीड-दोन फूट उंच गादी करायची, तिच्यात शेणखत आणि मुरूम मिसळायचा आणि सुरण त्या उंचवट्यावर लावायचा. शेजारी केळ किंवा शेवगा असेल तर सुरण त्याच्या पश्चिमेला नको, दुपारचं ऊन लागेल, पूर्वेलाच लावायचा.

लावणीची घाई करायची नाही. पाऊस विदर्भात पोचायला जूनचा मध्य उजाडतो. मेमध्ये कोंब बाहेर आला तर लूच्या गरम वाऱ्यात कोवळं पान भाजून निघतं, आणि सुरणाला वर्षाला बहुधा एकच पान असतं. ते गेलं की वर्ष गेलं. जे आपल्याला खोड आणि फांद्या वाटतात ते सगळं मिळून एकच पान. तोवर कंद जुन्या माठात कोरड्या वाळूत पुरून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवायचा. पत्र्याच्या खोलीत नको, सुरकुततो. कूलरच्या वाटेतही नको. त्या ओलसर हवेला पावसाळा समजून तो वेळेआधी जागा होतो, हे मी नागपुरातच पाहिलंय.

बेण्याबद्दल एक इशारा. बाजारात भाजीसाठी मिळणारा बिनखाजरा गड्डा बऱ्याचदा गजेंद्र जातीचा असतो, मूळ आंध्रातल्या कोव्वूरकडची. खायला उत्तम. पण त्याला बाजूची पिल्लं जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे बेणं वाढवायचं तर गड्डा कापावाच लागतो. केक कापतात तसा उभा कापा, प्रत्येक फोडीला माथ्यावरच्या डोळ्याच्या कड्याचा तुकडा आलाच पाहिजे. नुसत्या पोटाच्या फोडीला कोंब यायला फार वेळ लागतो, पुष्कळदा येतच नाही. गावठी सुरणाला पिल्लं भरपूर. गुजरातेतले शेतकरी परंपरेनं अशा पिल्लांपासून सुरुवात करून दर वर्षी काढून-लावून चौथ्या वर्षी बाजाराचा गड्डा तयार करतात. मला एका रोपवाटिकेनं गोडा म्हणून दिलेलं बेणं दोन वर्षांनी असं खाजरं निघालं की कोकम, चिंच, ताक सगळं हरलं. बेणं घेताना त्याच ढिगातला एक तुकडा शिजवून खाऊन बघा, मगच पैसे द्या.

आता एडिसन. तिथे माझा भाचा राहतो आणि त्याचा सुरण मी सहा वर्षं फोनवरून वाढवतोय, तेव्हा हे ऐकीव नाही. पहिलं म्हणजे इथून बॅगेतून कंद नेऊ नये. परवानगीशिवाय माती लागलेला कंद विमानतळावर काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. भारतीय दुकानात मिळतो तो बहुधा गोठवलेला, त्याला कोंब येणार नाही. जिवंत कंद तिथल्याच हौशी लोकांकडून मिळवावा लागतो.

दुसरं, सुरणाला ढोबळ सात-आठ महिने उबदार हंगाम लागतो आणि न्यू जर्सीत तो जेमतेम पाच महिने आहे. एप्रिलच्या अखेरीपर्यंत हिमकण पडू शकतात, ऑक्टोबरच्या मध्यानंतर पुन्हा सुरू. तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला घरात कुंडीत लावायचा, खाली बियांसाठी मिळते ती हीट मॅट. रात्री पारा बाराच्या खाली जाणार नाही अशी खात्री झाली की बाहेर. तिथलं जुलै-ऑगस्टचं दमट ऊन त्याला फार मानवतं. भाच्याचं पान माझ्या पुण्यातल्या पानाहून मोठं होतं. सप्टेंबरअखेर कुंडी परत आत घ्यायची, म्हणजे पहिल्या हिमकणात पान काळं पडण्याऐवजी खिडकीत महिनाभर जास्त चालतं. हा एक महिना सोन्याचा, कारण कंदाचं वजन शेवटीच भरतं. मग कोरडा करून बेसमेंटमध्ये, पण थंड भिंतीला लागून नको. पाणी तापवायच्या टाकीशेजारच्या फळीवर, जिथे पंधराच्या खाली पारा जात नाही. एवढं सगळं करून सहा वर्षांत सातशे ग्रॅमचा दीड किलो झालाय. कोकणात तेवढं एका पावसाळ्यात होतं. नणंदबाईंना हे आधीच सांगा, नाहीतर दसऱ्याला काप तळायची स्वप्नं बघतील.

त्यांना खरंच हौस असेल तर कोंजॅक लावायला सांगा. सुरणाचाच चुलतभाऊ, चीन-जपानकडचा, डोंगराळ गारव्याची सवय असलेला. जपानातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक एकट्या गुन्मा प्रांतात होतं. तिथेही पानझडीनंतर कंद काढून हिवाळाभर उबदार कोठीत ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात, दोन-तीन वर्षं. गुजरातेतल्या चालीचीच ही जपानी आवृत्ती. न्यू जर्सीत भिंतीच्या आडोशाला सहा-आठ इंच खोल पुरून वर पाचोळ्याचा जाड थर दिला तर कोंजॅक जमिनीतच हिवाळा काढू शकतो, अट तीच, जागा निचऱ्याची हवी. मुलीकडे इंग्लंडात लेस्टरला होतो तेव्हा मी तो कुंडीत केला होता. तिथे गारठ्यापेक्षा हिवाळ्यातली झिमझिम जास्त मारते, म्हणून कुंडी गॅरेजमध्ये. आपल्यासारखी भाजी मात्र करता येत नाही. कंदाचं पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवून वड्या पाडतात, चव अशी काही नाही.

अळूला हे नियम लावू नका. त्याला झोप सक्तीची नसते. ओल आणि ऊब मिळत राहिली तर मोरीच्या पाण्यावर बारा महिने उभं. एडिसनमध्ये किराणा दुकानातली अळकुडी मार्चमध्ये ओल्या कोकोपीटमध्ये ठेवली की कोंब येतो, जूनपासून पानं, ऑक्टोबरात काढून बेसमेंटमध्ये. वड्यांची सोय सुरणाच्या आधी होईल. मात्र तिथल्या रोपवाटिकेतलं शोभेचं "हत्तीकान" म्हणून विकलं जाणारं रोप खायला घेऊ नये, त्यात कुठली जात असेल सांगता येत नाही. रुखाळू हा प्रकार आणखी निराळा, झाडाच्या बेचक्यात नाहीतर कातळावर बसणारा. त्याला आकडेवाल्या बारीक गाठी येतात, त्या जनावरांच्या अंगाला, पक्ष्यांच्या पिसांना चिकटून दुसऱ्या झाडावर पोचतात. कुंडीत लावायचाच तर नारळाच्या सोडणात लावा. साध्या मातीत मी तीनदा घालवलाय.

कॅलेडियमचं एका ओळीत: पुण्यात नोव्हेंबर ते मार्च कोरडं आणि घरात. त्याच्या छोट्या कंदाला गारठा सुरणाहूनही कमी सोसतो.

शेवळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या सरींच्या आसपास ठाणे, कल्याण, पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका त्या जांभळट दांड्यांच्या जुड्या आणि सोबत काकडं घेऊन बसतात. दांडीच्या खालचा पिवळ्या फुलांचा भाग काढून टाकायचा, खाज सगळ्यात जास्त तिथे. काकडाचा आंबट रस उरलेली खाज मारतो. कोलंबी घातली तर उत्तम. हे शेवळ सह्याद्रीतलंच, आणि आपण खातो ते त्याचं फूल, म्हणजे पुढच्या पिढीचं बी. जंगलातून कंद उपटून आणू नका. ज्याच्या बागेत आधीच आहे त्याच्याकडून एक पिल्लू मागून घ्या. माझ्याकडे एक आहे. ऑक्टोबरपासून थेंबभर पाणी न घातलेल्या कुंडीतून ते मेच्या शेवटच्या आठवड्यात बरोबर नाक वर काढतं. आकाशात ढग नसताना त्याला कसं कळतं, देव जाणे. मला वाटतं मातीची ऊब मोजत असावं.

सापकांद्याच्या वाटेला पुण्यात जाऊ नये असं माझं मत आहे. महाबळेश्वर-लोणावळ्याच्या धुक्यात जूनमध्ये तो फणा काढून उभा असतो तेव्हा फार देखणा दिसतो, पण गच्चीवर दोन वर्षांत बारीक होत होत नाहीसा होतो. गंमत अशी की त्याचा कंद लहान असेल तर झाड नर असतं, कंद पोसला की मादी होतं, आणि फळ धरून थकला की पुन्हा नर. गच्चीवरचे माझे सगळे शेवटपर्यंत नरच राहिले, यावरून काय ते समजा. भूमध्य समुद्राकडचे याचे नातलग तर उलट्या घड्याळाचे: हिवाळ्यातल्या पावसात जागे, उन्हाळ्यात झोपलेले. आपल्याकडे त्यांना जागं व्हायला लागणारा गार पाऊसच नाही. कॅलिफोर्नियात कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे बिनदिक्कत येतील.

राहिलं ते माणसाहून उंच फूल. ते इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं ‘टायटन अरम’, ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७८ मध्ये त्याची ओळख बाहेरच्या जगाला करून दिली आणि १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात काचघरात ते पहिल्यांदा फुललं. तोही सुरणाचाच भाऊबंद. पण सुमात्रा विषुववृत्तावर, तिथे आपल्यासारखा सहा महिने कोरडा काळ नसतोच. त्यामुळे त्याची झोप ऋतूवर चालत नाही; तो आपल्या मर्जीनं कधीही झोपतो, काही महिन्यांनी उठतो. समजा पुण्यात तो नेमका नोव्हेंबरात जागा झाला तर मोठं कोवळं पान थंडीत आणि कोरड्या हवेत उघडणार. काचघर, हीटर, फवारे असतील तर गोष्ट वेगळी. केरळात वायनाडमधल्या पेरियाजवळच्या गुरुकुल वनस्पती उद्यानात तो फुललाय, पण वायनाडची हवा पुण्याला कुठून आणणार? आणि जागेचा प्रश्न आहेच: एडिंबराच्या वनस्पती उद्यानात २०१० मध्ये त्याचा कंद वजन केला तर १५३.९ किलो भरला. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो चढवायला दोन फेऱ्यांची माणसं लागतील. मुलाला सांगा, सुरणाचं फूल हे त्याचंच छोटं रूप आहे, वासही तितकाच जोरकस.

तर तुमच्याकडे उरलेला दोनशे ग्रॅमचा तुकडा. त्याला माथ्याच्या कड्याचा भाग आहे का, हे आधी बघा. गोल व्रणाभोवती बारीक उंचवटे दिसतील. असेल तर कापलेली बाजू राखेत दाबून चार दिवस पंख्याखाली ठेवा, साय धरल्यासारखी कोरडी झाली पाहिजे. मग पाणी न घालता, कोरड्या मातीत, आठ इंची कुंडीत तिरका ठेवा आणि रोहिणीपर्यंत हात लावू नका. उंचवट्यातून कोंब अंगठ्याच्या नखाएवढा फुगलेला दिसला की पहिलं पाणी, तेही एकच फुलपात्र. या वर्षी पान बशीएवढंच येईल, खायला काही मिळणार नाही. दिवाळीनंतर ते लवंडलं की मला फोटो पाठवा, आणि तांब्या तेवढा लपवून ठेवा.